बुंदी शेळीच्या काळजातील निम्म्या हिश्श्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
प्राणी प्रयोग नीती समिती,
बालाघाट हृदय संशोधन केंद्र, धाराशिव.

अर्जदार : नागूबाई भ्र. हरिबा गडदे, वय अंदाजे साठ, धंदा शेळ्या राखणे, रा. बेंबळी, ता. जि. धाराशिव.

विषय : शेळी क्र. १२ उर्फ बुंदी हिचे हृदय तपासणीसाठी काढून न घेणेबाबत. त्यात अर्जदाराचा निम्मा हिस्सा असलेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २ फेब्रुवारी २०२६. शेळी गुरुवार दि. १२ रोजी सकाळी अकरा वाजता केंद्रात जमा करणेबाबत.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नसल्याने सदर अर्ज तिच्या सांगण्यावरून तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस समद याने लिहिला आहे. बाई बोलते भरभर, आणि मध्येच भांडते. सबब भाषेत कमीजास्त झाल्यास माफी असावी.

१. आपल्या केंद्रातील डॉ. तरन्नुम मॅडम या बेंबळीच्याच, बाबामियाँ टेलरची लेक. झटका येऊन हृदयाचा जो भाग मरतो, तो नाळेतल्या स्टेम सेलने पुन्हा जीव धरतो का, हे त्या तीन वर्षे बारा शेळ्यांवर तपासत आहेत. अकरा शेळ्यांची हृदये काढून, काप करून, दुर्बिणीखाली पाहून झाली. बारावी बुंदी. कानांवर पांढरे ठिपके आहेत म्हणून बुंदी, क्र. १२ हे नाव तिला माहीत नाही.

२. मॅडमला शेळी माळावर हिंडणारी हवी होती, पिंजऱ्यात बसून खाणारी नको होती. म्हणून त्यांनी बुंदी गाभण असतानाच अर्जदाराकडे राखायला दिली. रोज काय घेणार, असे विचारले. अर्जदार म्हणाली, "रोज बीज काय न्हाय, अर्धलीनं द्या." अर्धली म्हणजे शेळी एकाची, राखणी दुसऱ्याची, आणि पिल्ले होतील ती निम्मी निम्मी. हे साहेबांस माहीत असेलच. नसल्यास केंद्राच्या शिपायास विचारावे. मॅडम गावच्याच असल्याने त्यांनी हसत हसत शेळीचे दावे अर्जदाराच्या हातात दिले. दावे हातात दिले की करार पक्का, त्याला स्टॅम्प लागत नाही, असे बाई म्हणते. (स्टॅम्पावरच पोट असलेल्या लेखकास हे लिहिताना बरे वाटले नाही.)

३. बुंदीला दोन पिल्ले झाली. पहिला बोकड, तो मॅडमचा. दुसरी पाट, म्हणजे मादी, ती अर्जदाराची. मॅडम नाळ घेण्यासाठी डबा घेऊन बसल्या होत्या. पण त्या हातमोजे शोधत असतानाच बोकडाची नाळ बुंदीने खाऊन टाकली. पाटीची नाळ मात्र अर्जदाराने स्टीलच्या डब्यात झेलली. त्याच नाळेतून केंद्रात स्टेम सेल वाढविण्यात आल्या. पुढे बुंदीच्या हृदयाची एक शीर बांधून जो भाग मारण्यात आला, त्यात त्याच सोडण्यात आल्या. म्हणजे मेलेला भाग मॅडमच्या शेळीचा, आणि भरून आलेला भाग अर्जदाराच्या पाटीचा. सबब निम्मे काळीज अर्जदाराचे. लेखकाने यात खोट शोधली. दोन चहा झाले, खोट सापडली नाही.

४. शीर बांधल्यावर बुंदी दहा पावलांत खाली बसायची. सोनोग्राफीत तिचे हृदय बत्तीस टक्के काम करीत होते, आता पन्नास टक्के करते. आजमितीस ती कोणाच्याही तुरीत शिरते आणि हाकलून हाकलणाऱ्यास धाप लागते, तिला लागत नाही. तक्रारदारांची नावे हवी असल्यास पुरवता येतील. बरीच आहेत.

५. मॅडमचे वडील बाबामियाँ यांचे स्वतःचे हृदय तीस टक्क्यांवर आहे. शिलाई मशीन सुटली. दारात खुर्ची टाकून बसतात आणि बुंदी माळावरून परत आली की विचारतात, "आज माळ किती चढली?" हा उपचार माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षे लागतील, हे लेकीने त्यांना स्पष्ट सांगितले आहे. तरी रोज विचारतात. आपले पत्र आल्यावर ते म्हणाले, "बरं होऊन बी कापतच असतील, तर माझा नंबर लावू नको बेटा." सगळी गल्ली हसली. मॅडम हसल्या नाहीत.

६. मॅडमचे म्हणणे असे की, आता कापले तर नवा भाग किती धरला ते कळेल. जगू दिले तर तो किती दिवस धरून राहतो ते कळेल, आणि ते जास्त मोलाचे. तसे त्यांनी समितीस लिहिले. "मंजूर आराखड्यात नाही" असे उत्तर आले. नोकरी असल्याने त्या पुढे बोलत नाहीत. परवा त्यांनी बुंदीला भाकरी चारली आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. अर्जदारास ते बघवले नाही. या पोरीची आई आजारी असताना पोरीला अर्जदाराने शेळीच्या दुधावर वाढवले आहे. तेव्हा बाई नुसती शेळीपायी कचेरीत आलेली नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यावे.

७. कापायचेच ठरल्यास अर्जदाराचा निम्मा हिस्सा आधी वाटून, चालू स्थितीत, अर्जदाराच्या ताब्यात द्यावा. हे जमणार नाही असे लेखकाने सांगितले. बाई म्हणाली, "मला ठावं हाय. त्येंलाबी कळू दे."

८. त्यापेक्षा अर्जदाराची तोड अशी. बुंदीला राहू द्यावे. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीसाठी अर्जदार तिला हजर करील. ती आपल्या मौतीने जाईल त्या दिवशी मॅडमला निरोप जाईल, आणि त्यांनी काढलेले काळीज अर्जदार त्याच स्टीलच्या डब्यात केंद्रात पोचते करील. तेव्हा निम्म्याचा हट्ट नाही. ते अख्खे डॉक्टरबाईंचे. तसे लिहून सोबत जोडले आहे.

९. हुकूम तो हुकूम, सबब गुरुवारी बुंदी हजर राहीलच. मात्र आपण गाडी पाठवू नये. अर्जदार तिला घेऊन पहाटे बेंबळीहून निघेल आणि वीस किलोमीटर पायी येईल. साहेबांनी अकरा वाजता फाटकात उभे राहावे, आणि धाप कोणाला लागली आहे ते पाहून मग सही करावी.

आपली नम्र, तूर्त निम्म्याची हक्कदार,

नागूबाई हरिबा गडदे (अंगठा)
धाराशिव, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) आपल्या पत्राची झेरॉक्स
२) बुंदीच्या पहिल्या व शेवटच्या सोनोग्राफीची झेरॉक्स
३) काळजावरील हक्क बुंदीच्या मागे सोडत असल्याचे हमीपत्र, अंगठ्यासह
४) मूळ पुरावा : बुंदी. गुरुवारी चालत येत आहे.