तोरणाखाली क्षमेवर भाषण

१८ ऑगस्ट, सकाळी ६
आजपासून क्रोध बंद. त्याचा गळा घोटायचा, मुळासकट उपटायचा, ठेचायचा. चांगलं कसं जगावं ते सांगणारं जुनं काव्य पुन्हा वाचलं. अठ्ठेचाळीस कडवी. चौथ्यात क्षमा. काय ताकद! भरात टेबलावर मूठ आपटली. काच फुटली. हलकी होती.

शुक्रवारी पोळा. तोरणाखाली बैल उभे असताना या काव्यावर दहा मिनिटं बोलायचं निमंत्रण आहे. अख्खं बोरी अरब गाव बदलून टाकणार.

सुनीतीने बजावलं: गेल्या पोळ्यासारखा हात उचलला, तर ती कायमची लेकीकडे, अनघाकडे, अमरावतीला जाणार. बत्तीस वर्षांचा संसार आणि नवऱ्यावर एवढा अविश्वास!

१९ ऑगस्ट
गेल्या वर्षी पहिल्या जोडीच्या मानावरून नानाजीचा दात पाडला होता. एकच. लोक दोन सांगतात. यंदा मान त्याच्या जोडीचा. मोठ्या मनाने त्याच्या घरी क्षमा करायला गेलो. म्हणतो, दात माहा पडला अन् माफी तुमी मले देता काय, मधुसूदनभाऊ?

कॉलर धरून चौथं कडवं समजावलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. शर्टाची बटणं जुनीच होती.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी
बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळले, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. सुनीतीने उरलेला हळदीचा हात माझ्या खांद्यावरून फिरवला. म्हणाली, उद्याचा एक दिवस सांभाळा. डोळे भरून आले. शब्द दिला.

२२ ऑगस्ट, पोळा
भाषण अप्रतिम. दहाची पन्नास मिनिटं झाली. पोळ्याची गाणी म्हणायला टपलेल्या गर्दीतून कोणी ओरडलं, झडत्या कवा म्हणाच्या? बैल उभ्या उभ्या म्हातारे झाले न! कोण ते दिसलं नाही, म्हणून क्षमा केली.

चौथ्या कडव्यावर ऐन रंगात होतो. तेवढ्यात नानाजीचा बैल पुढे सरकला, तोरण तुटलं, सगळ्या जोड्या उधळल्या. माझं वाक्य अर्धं! पुस्तक फेकलं. जाड पुठ्ठ्याचं, नेमकं नानाजीच्या कपाळावर. मग माइकचा दांडा. बैलांना लागू नये याची काळजी घेतली. शेजारच्या फुलसिंगने मागून मिठी घालून मला आडवं केलं, तेव्हा माझा खांदा निखळला.

नानाजीला पाच टाके. हा क्रोध नव्हे. तत्त्वाचा प्रश्न होता.

सुनीतीने माळ्यावरची बॅग काढली.

२३ ऑगस्ट, सकाळी ११
सुनीती गेली. पोचवायला निघालो, पण खांदा हलेना. पट्टी बांधलेल्या डोक्याने नानाजीनेच तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं.

परत येऊन पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. म्हणतो, अख्खं वाचलं, भाऊ. लय भारी हाये. चवथं कडवं वाचलं अन् ठाण्यात जाचं राहू देलं. जा, माफ केलं तुमाले.

माफ! मला! नानाजीने!

काठी दाराआड नव्हती. कुठे ठेवली म्हणून सुनीतीला हाक मारली. दोनदा.