अंगठ्यावर नजर

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? शिवणाचं मशीन खिडकीशी घे म्हणून किती वर्षं सांगतोय, पण ऐकशील तर ती तू कसली.

आज आनंदाचं कारण आहे. दादा मढं झाला होता त्या सिनेमाला यंदा चाळीस वर्षं होताहेत आणि आमचे थिएटरमालक त्याचा मोठा सोहळा करताहेत. नायक गेला, नायिका गेली, दिग्दर्शक तर केव्हाच गेला. मालक म्हणाले, सगळे मेले आणि मढं तेवढं जिवंत राहिलं. आम्ही पोट धरधरून हसलो. तू रागावू नकोस, दादाही हसला असता.

सिनेमात मढं ज्यातून हलवतात ती लाकडी पेटी मालकांनी हुडकून आणली आहे. पडदा सरकला की त्या पेटीत दादा, तेव्हा पडला होता तसाच पडलेला. पाहुण्यांचं भाषण होईल, मग दादाने उठून बसायचं आणि हार घ्यायचा. एवढंच काम. दादाला विचारलं तर म्हणतो, ताईला विचार. साठी उलटली तरी तुझा पदर सोडत नाही!

आमचे मॅनेजर आता निवृत्त होताहेत. इतकी वर्षं दारावर उभं राहून तिकिटं फाडली, या खेपेला ती खुर्ची मिळेलसं वाटतंय. दादाला आणतो असा शब्द मी मालकांना देऊन बसलोय. बाकी तू सुज्ञ आहेस.

तुझी माया आहे तशी राहू दे, एवढंच मागणं.
तुझा धाकटा


ता. १३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शब्द आधी द्यायचा आणि मागून विचारायचं, ही तुझी खोड जुनीच. लहानपणी बिस्किट तोंडात कोंबून मग विचारायचास, खाऊ का म्हणून.

तुझ्या मालकांना सांग, मढं सिनेमातल्या घरमालकाचं. माझ्या भावाला सकाळी दोन कप चहा लागतो आणि दुसऱ्यात साखर कमी पडली तर तोंड फुगतं. गल्लीतली पोरं त्याला मेलेले काका म्हणून हाक मारतात आणि हा खुशाल ओ देतो.

मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही, तुला ठाऊक आहे. लोक सांगतात, खाष्ट घरमालक एका भाडेकरूच्या दारात मरून पडतो, आणि आपल्यावर आळ नको म्हणून जो तो त्याला उचलून शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो. लोकांची म्हणे हसून मुरकुंडी वळते. वळू दे. सख्खा भाऊ मेलेला बघायला तिकीट काढायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. बिचारा शूटिंगला गेला होता टेबलं-खुर्च्या उचलायला. मढं होणाऱ्या नटाला गुदगुल्या व्हायच्या म्हणून याला निजवलं, आणि पुढे जन्मभर कुणी याला उभं म्हणून केलं नाही.

अंगठ्याची गोष्ट तुला कधी सांगितली का, आठवत नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास. आई गेली त्या वर्षी दादा पलंगावर मेल्याचं सोंग घेऊन पडला. मी हलवलं, ओरडले, एक ठेवूनही दिली, हा ढिम्म. शेवटी मी भिंतीवर डोकं आपटायला लागले तेव्हा उठला, आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. त्या दिवशी आमचं ठरलं. सोंग कितीही बेमालूम असो, डाव्या पायाचा अंगठा हलवायचा. ताईसाठी. सिनेमातही त्याने हलवला. दिग्दर्शकाने तो तसाच ठेवला आणि शिकल्यासवरल्या लोकांनी त्यावर लेख लिहिले, की समाज मेला तरी कुठेतरी जीव धरून आहे असा त्याचा अर्थ. अर्थ कसला डोंबलाचा! तो मला सांगत होता, ताई, मी आहे.

तर आता मुद्द्याचं. त्याची छाती धड नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला आहे. कळ आली की सांगत नाही, नुसता गप्प होतो. गोळी कोटाच्या वरच्या खिशात असते, ती जिभेखाली ठेवायची. श्वास चोरून धरायचं हे वय नव्हे, पण तुझं पत्र वाचून त्याने जुना कोट उन्हात टाकलाय आणि आरशासमोर डोळे मिटून बघतोय. मिटल्या डोळ्यांनी आरशात काय दिसतं कोण जाणे! मला नाही म्हणवत नाही.

पाठवते, पण एका अटीवर. तू पहिल्या रांगेत बसायचं आणि अंगठ्यावर नजर ठेवायची. मी त्यालाही बजावलंय, अधूनमधून हलवत राहा. हलेनासा झाला की उठायचं आणि गोळी द्यायची. भाषण कुणाचंही असो, प्रत्यक्ष राजाचं असो. हो म्हणून लिहून पाठव, मगच त्याला गाडीत बसवते.

प्रकृतीला जप, आणि ताईचं ऐकायची सवय मोडू नकोस.
तुझी ताई


ता. १७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, हो आणि हो. पहिल्या रांगेत मधली खुर्ची माझीच आहे. नजर इकडची तिकडे होणार नाही, शब्द देतो. दादाला शनिवारच्या गाडीत बसव. कोटाला इस्त्री नको म्हणावं, मढ्याचा कोट चुरगळलेलाच बरा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा


ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय लिहू आणि कसं लिहू? दादा गेल्याचा निरोप तुला मिळालाच. तू निघते म्हणालीस आणि मीच येऊ नकोस म्हणालो, कारण तोवर सगळं उरकलं होतं. मालकांना गाजावाजा नको होता.

पण ताई, टाळ्यांच्या कडकडाटात गेला गं. असं मरण मागून मिळत नाही. त्या दिवशी काय खुशीत होता! सोहळ्याला बुटांच्या दुकानदाराने हातभार लावला होता. त्याने आपल्या हाताने दादाच्या पायात नवे कोरे बूट चढवले, नाड्या आवळून बांधल्या. पाय पेटीच्या कडेवर टेकवले होते. दिव्यात असे चकाकत होते की बघत राहावं. पाहुण्यांचं भाषण लांबलं. सिनेमा राहिला बाजूला, ते स्वतःच्या बालपणात शिरले. शेवटी मालक हार घेऊन पेटीपाशी गेले, तर दादा उठेना. लोकांना वाटलं, वा, काय मुरलेला नट! सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मालकांनी पुन्हा हाक मारली, टाळ्या वाढल्या. तिसऱ्या हाकेला मालकांचा चेहरा बदलला आणि पडदा पडला.

तुला खोटं वाटेल, पण पुढचं सगळं सिनेमासारखंच झालं. समोरच्या दालनात पाहुण्यांचं जेवण मांडलेलं, तिथून पेटी न्यायची कशी? मालक म्हणाले, जेवणं होईपर्यंत सामानाच्या खोलीत ठेवा. खोलीची किल्ली रंगाऱ्याकडे आणि रंगारी पंगतीत. मागच्या बोळात ठेवली, तर वाढप्यांनी तिच्यावर ताटांची चळत रचली. तिथून उचलून जिन्याखाली नेली, तर झाडूवाली हात कमरेवर ठेवून उभी. म्हणाली, ही माझी जागा, मी बादल्या काय डोक्यावर ठेवू? पाहुण्यांत एक डॉक्टर होते, ते म्हणाले मी आज फक्त पाहुणा आहे. पहारेकरी तर पेटी बघून हसायलाच लागला, काकांना सांगा आता पुरे म्हणाला. इस्पितळाचा गाडीवाला अडून बसला की माणूस नेईन, लाकूडसामान नेणार नाही. मग काढला दादाला पेटीतून. या सगळ्यात पेटीची एक कड मी धरून होतो. सोडली नाही, ताई.

दादाचा कोट आणि बूट वेगळे पाठवतोय. दुकानदार मेलेल्याच्या पायातले बूट परत घेत नाही म्हणाला. चांगल्या कातड्याचे आहेत, कुणाच्या उपयोगी पडले तर बघ.

आता तुझ्याशिवाय मला मोठं कोण? हात डोक्यावर राहू दे.
धाकटा


ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रंगारी भेटला, वाढपी भेटले, झाडूवाली भेटली. तिचंही खरंच आहे, बादल्या कुठे ठेवील बिचारी. तू कड सोडली नाहीस, बरं केलंस.

इकडे चहा अजून जास्तीचा होतो आणि मी तो ओतून देते. गल्लीतल्या पोरांना सांगितलं, मेलेले काका गेले, तर ती हसून पळाली. त्यांचा काय दोष?

एकच विचारायचं आहे, ते तुझ्या पत्रात मला सापडलं नाही. अंगठा केव्हा थांबला? मी बोल लावत नाही रे. घटका भरली की गोळी काय करणार? आणि त्याला पाठवणारी मीच. पण त्याने हलवला आणि आपल्यातल्या कुणीतरी तो पाहिला, एवढं कळलं तरी मला पुरे. डोळ्याला डोळा लागेल.

उत्तर लवकर लिही, आणि नीट जेव.
ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस. अंगठा शेवटपर्यंत हलत होता. मी नजर काढली नाही. भाषण संपत आलं तेव्हाही हलला, या डोळ्यांनी पाहिला. तो थांबायला आणि मालक हार घेऊन उठायला एकच गाठ पडली, मध्ये कुणाला काही करता येण्याजोगं नव्हतं. तेव्हा आता शांत नीज.

दुसरी बातमी, मालकांनी मला मॅनेजर केलं. त्या गडबडीत मी डोकं शांत ठेवलं, पाहुण्यांना जराही कळू दिलं नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. दादाच्या बातमीमुळे सिनेमा परत लावलाय आणि रोज गर्दी आहे. तुझ्यासाठी पास जोडलाय. आता तरी ये आणि बघ, दादाला बरं वाटेल.

लोभाची भूक आहे, उपाशी ठेवू नकोस.
धाकटा


ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बूट आणि कोट पोचले. गोळी खिशातच होती, कागदसुद्धा फाटलेला नाही.

बूट खरंच चांगले आहेत. कातडं जाड, पुढचं टोक असं कडक की हातोडीने ठोकलं तरी दबायचं नाही. मी दाराशी बसून डावा बूट पायात चढवला, नाडी आवळली आणि अंगठा हलवला. वरून काही दिसलं नाही. पुन्हा हलवला. किती वेळ हलवत बसले कोण जाणे. आत अंगठा दुखायला लागला आणि वर बूट नुसता चकाकत होता.

तो हलवत होता रे, यात मला शंका नाही. सोंगात तो लबाडी करायचा, शब्दात कधी नाही. फक्त बघायला कुणी नव्हतं.

मला बरं वाटावं म्हणून तू खोटं लिहिलंस, ते कळतं मला. मी शाळेत गेले नाही, तुझ्याच पाटीवर अक्षरं गिरवली, पण तुझं अक्षर तेव्हापासून ओळखते. त्याला बूट चढवत होते तेव्हा तू तिथेच होतास. काढा ते, अंगठा दिसायला हवा, एवढंच म्हणायचं होतं. दुकानदार फुगला असता, मालक फुगले असते. खुर्ची कदाचित गेली असती. खुर्ची तुला मिळाली, तिच्यात पाठ टेकून बस. माझ्याकडून शिव्याशाप नाहीत.

सिनेमा बघून आले. पास सोबत परत पाठवतेय, तिकीट काढलं. गर्दी होती म्हणून तू नव्या कोटात स्वतःच दारावर उभा होतास आणि जुन्या सवयीने तिकिटं फाडत होतास. माझंही फाडलंस. हाताकडे बघितलंस, तोंडाकडे नाही.

हसण्यासारखा आहे सिनेमा. मीसुद्धा हसले. मग त्याला चौथ्या भाडेकरूच्या दारात आणून टाकतात, तिथे त्याचे पाय दिसतात. उघडे. डाव्याचा अंगठा हलला. थिएटर हसून फुटलं आणि मी उठून उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, आजी, खाली बसा. मी म्हटलं, अहो, आहे तो, आहे. तो म्हणाला, मेलाय हो तो, बसा आता. शेजारच्या मुलीने हात धरून मला बसवलं आणि खिशातून रुमाल काढून दिला. रुमाल माझ्याकडेच राहिला.

तुझ्यावरची माया कमी करून बघितली, जमलं नाही. ती आहे तिथेच आहे.
ताई

ता. क. हल्ली मी पायांवर पांघरूण घेत नाही. सकाळी दूधवाली खिडकीतून डोकावते, मी अंगठा हलवते. ती मान हलवते आणि दूध ठेवून जाते. कोण ना कुणाची. पण बघते.