मारेनच्या उंचीतले दोन इंच

कर्नी, नेब्रास्का

प्रशिक्षिका श्रीमती हॅलोरन यांस,
प्रभूची शांती असो.

परवा आपण माझी नात मारेन हिला आपल्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात जागा देऊ केलीत. तिच्या माहितीपत्रात उंची सहा फूट लिहिलेली आहे. ती पाच फूट दहा इंच आहे. वरचे दोन इंच मी लिहिले.

चिंतेने कुणाची उंची वाढत नाही, हे मी चाळीस वर्षे चर्चचा पाळक म्हणून शिकवले. पण सहा फुटांखालच्या मुलीच्या खेळाची चित्रफीत कुणी कोच उघडतही नाही, असे तिच्या व्हॉलीबॉल क्लबातले इतर पालक म्हणाले. सात वर्षे तिला गावोगावच्या स्पर्धांना नेऊन मी थकलो होतो. थकवा हे कारण आहे, समर्थन नव्हे.

आपल्याला खरे कळवतो आहे, हे मी तिला सांगितले.

"आजोबा, सगळेच वाढवतात," गुडघ्यावर बर्फ धरून ती म्हणाली. "कोच वाचतानाच दोन इंच वजा करतात. तुम्ही पाच-दहा लिहिलंत, तर मी पाच-आठची होईन."

"खोटं ते खोटंच, बाळा."

"मग देवाला सांगा ना. पाप तुमचं, आणि प्रायश्चित्त मी करू?"

आजवर अनेकांच्या पापांची कबुली मी ऐकली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने होकार कळवण्याची मुदत शुक्रवारी संपते. तोवर उत्तर सापडले, तर हे पत्र टपालात टाकीन.

इथवर मी मंगळवारी लिहिले होते. आज शनिवार आहे; मारेनचा होकार काल गेला, आणि हे पत्र अजून माझ्याच मेजावर आहे.

आपला अपराधी,
ऑर्विल लिंडहोम