अकरा वर्षं मशरूमशिवाय

७ सप्टें., रवि.
काल इंग्लंडहून, नवऱ्याकडून घरी. ॲरिझोनातलं आमचं चँडलर तापलेलंच. आईंनी (सासूबाई, नोव्हेंबरपर्यंत इथेच) मऊ भात करून ठेवला होता. पहिला प्रश्न: "निखिल कसा आहे? बारीक झालाय?" म्हटलं, छे, चांगला सुटलाय. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि ब्रिटिश नाश्त्यावर अर्धा तास बोलले. एकाच प्लेटमध्ये अंडी, तळलेला ब्रेड, भाजलेला अर्धा टोमॅटो आणि गोड रशातले बीन्स. फोडणी नाही, कांदा नाही. डबा उघडला, गरम केलं, झालं. आई हसून हसून दमल्या.

९ सप्टें., मंगळ.
ऑफिसातही तेच. "हाउ वॉज द ट्रिप?" विचारलं की माझे बीन्स सुरू. आता तज्ज्ञ झालेय. टोस्ट उभा करून मुद्दाम गार करतात. मटार कुस्करून हिरवा लगदा, मीठ आपलं आपण घ्यायचं. मासा मात्र झकास तळतात, आणि चहाला नावं ठेवणार नाही.

इथे तरी खरं लिहावं. नि. परत येणार नाहीये. सहा महिन्यांसाठी गेला होता, दीड वर्ष झालं. शेवटच्या सकाळी, त्याच्या घराखालच्या कॅफेत सांगितलं. टीममधली कुणीतरी. वर्षभर चाललंय. मी टोस्टला लोणी लावत होते, लावतच राहिले.

१० सप्टें., बुध.
पण मला तिथे तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मटार-मशरूम केलं, तर हा टेबलावरून उठला. वासानेच मळमळतं म्हणे. तेव्हापासून घरात मशरूम नाहीत. पिझ्झावरसुद्धा नाहीत. मला किती आवडतात!
आणि तिथे, त्याच कॅफेत, वेट्रेस विचारते, "एक्स्ट्रा मशरूम्स, ॲज युज्वल?" साहेबांनी मान डोलावली. मूठभर, बटरात परतलेले. पावाने प्लेट पुसून खाल्ले. मी उरलेला आठवडा बीन्सना नावं ठेवली.
आज गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले.

१३ सप्टें., शनि.
साडेनऊला नि.चा शनिवारचा फोन. आईंशी हवापाणी. मग माझ्याशी, हळू आवाजात: "आईला तूच सांग ना यार. मला नाही जमणार."
"बघते," म्हणाले. का म्हणाले? एवढंही माझ्याच गळ्यात. दिवाळीला तो येणार म्हणून आईंनी पुण्याहून चकलीची भाजणी आणलीय. फ्रीजर उघडला की समोर तीच.

१७ सप्टें., बुध.
जेवताना पुन्हा माझं बीन्सपुराण. आईंनी विचारलं, "आणि निखिल काय घेतो?"
"अंडी, टोस्ट, मशरूम." गेलं तोंडातून.
आईंचा घास हातातच. "मशरूम? आपला निखिल? शाळेत असताना एकदा केले तर ओकला होता."
मी पाणी आणायला उठले. परत आले तर तशाच बसलेल्या.
"कुणी खायला लावले त्याला?"
मी ताटं उचलली. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. भांडी लावताना पाठीवर हात ठेवला, बराच वेळ.

२० सप्टें., शनि.
उठले तर स्वयंपाकघरात लसणाचा वास. काल आईंनी यादीत मशरूम लिहिले होते, मी न बोलता आणले. आज तुपात परतले, वर मिरी. ब्रेडही तुपात. डब्यातल्या बीन्सना हिंग-जिऱ्याची फोडणी. ताट माझ्यासमोर ठेवलं.
"तुला आवडतात ना? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"
मी घास घेतला. फार चांगले झाले होते. रडत रडत सगळे खाल्ले.

साडेनऊला फोन वाजला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस. सावकाश खा." फोन घेऊन मागच्या उघड्या पॅटिओत गेल्या, काचेचं दार ओढून घेतलं.
बाहेर आत्ताच पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर आहे. आई उन्हात उभ्या आहेत. बोलत नाहीयेत, नुसतं ऐकताहेत. वीस मिनिटं झाली.