एका वेढ्याचे बूच

जुन्नर, पौष वद्य पंचमी, शके १८२९

स्वस्ति श्रीमत्सकलसद्गुणमंडित, अखंडितवाक्प्रवाह, सुराकुलकालानल, मदिराघटविध्वंसनभैरव, घोडेगाव-महालकरी-कचेरी-कारकुनकुलावतंस, मंचरस्थ मद्यपाननिषेधक सभेचे चिटणीस, प्रिय जावईबापू सावळेराम यांस, जुन्नरच्या मराठी शाळेचे हेडमास्तर आणि आपले श्वशुर भगवंत यांचे, गुडघा आखडल्यामुळे बसल्या जागेवरूनच दिलेले, अनेक आशीर्वाद.

आपले कृपापत्र पावले. पुढल्या मंगळवारी साहेबांचा मुक्काम घोडेगावच्या सरकारी बंगल्यात पडणार. मेजवानीची व्यवस्था आपल्या शिरावर आहे. साहेबांच्या खानसाम्याने बाटल्यांचे बूच काढण्याचा स्क्रू मागल्या मुक्कामी गमावला. आणि सभेचे चिटणीस या नात्याने आपणांस तसली वस्तू भर बाजारात मागता येत नाही. सबब मी जुन्नरच्या पेठेतून एक भरवशाचा स्क्रू निवडून, कोणास न कळू देता, रवाना करावा, हा आशय ध्यानी आला. पत्रात स्क्रूचा उल्लेख वारंवार आहे. आपल्या कन्येचा नाही. कागद अपुरा पडला असेल. चि. प्रयाग आता बसू लागली आहे आणि हाती येईल त्या वस्तूस चावते. हा गुण कोणत्या घराण्याचा, याचा निर्णय मी राखून ठेवला आहे.

तथापि प्रस्तुत विषयात आपण योग्य मनुष्याकडे आलात. या तालुक्यातील समस्त शिक्षकवर्गात बूचोत्पाटनशास्त्राचा व्यासंग केलेला मीच एकटा. गेल्या आषाढात मी सुवालालच्या दुकानी या शास्त्राचा श्रीगणेशा केला. सुपारीची पोती आणि कंदिलाच्या काचा यांच्यामध्ये एका खिळ्यास ही यंत्रे टांगलेली असतात. मी बोट दाखविताच सुवालालने हातातला अडकित्ता खाली ठेवला. म्हणाला, “मास्तर, तुमी बी लागला व्हय राव? आमी तर दारूला घरात शिवत बी न्हाई. हे साहेबाच्या नोकरांसाठी टांगून ठेवलंया.” मी कारण सांगितले. मग तो खिळ्यावरचा सगळा जुडगाच माझ्यापुढे ठेवून पाठमोरा बसला.

तर श्रवण करावे. चाकूच्या मुठीत दुमडून बसणारा स्क्रू दिसावयास चतुर, परंतु आखूड. तो बुचाचे अर्धे शरीर वर आणतो आणि अर्धे गळ्यात अडकवून ठेवतो. दुसरा प्रकार सुताराच्या गिरमिटासारखा, मध्ये भरीव दांडा आणि भोवती आटे. याच्याइतका कर्तबगारीचा आव आणणारा पदार्थ मी कचेरीबाहेर पाहिला नाही. तो बुचात शिरतो, आतून त्याचा भुसा करतो आणि स्वतः मात्र स्वच्छ होऊन बाहेर येतो. बूच जागच्या जागी. याचा प्रयोग मी घरच्या एरंडेलाच्या बाटलीवर केला, तेव्हा सौ. कोंडाबाईंनी ते एरंडेल फडक्यातून गाळले आणि माझ्या विद्वत्तेविषयी जे उद्गार काढले, ते या पत्राच्या भाषेत बसत नाहीत. तिसरा प्रकार खरा. काकडीच्या वेलाचा ताणा जसा स्वतःभोवतीच वळत जातो, तशी ही तार. वेटोळ्याच्या मधोमध आगपेटीची काडी उभी राहील एवढी पोकळी असावी, टोक अणकुचीदार आणि मध्यापासून किंचित ढळलेले असावे, मूठ लाकडी आणि मूठभर असावी. आतून पोकळ असूनही भरवशाचा, असा हा सृष्टीतील एकमेव पदार्थ असावा. इतर पोकळ पदार्थांचा मला अनुभव आहे.

हा तिसरा मी घेतला. कशासाठी, हे आपणांस आठवत असेलच. परंतु मेजवानीच्या धांदलीत विस्मरण संभवते, म्हणून लिहितो. बाळंतपणानंतर आमच्या अंजनाचा ज्वर हटेना, रक्त फार गेलेले, अन्न पोटात ठरेना. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पोर्ट वाइन लिहून दिली; दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. सुवालालने ती पुण्याहून टांग्याने मागवून दिली. त्याच दिवशी आपण पत्नीस पाहण्यासाठी आलात. कोनाड्यातील बाटली प्रथम पाहिलीत, पत्नीस नंतर. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. आपण वाचलीत, घडी घालून परत दिलीत, आणि खाटेपाशी जाऊन अंजनाच्या मस्तकावर हात ठेवून म्हणालात, “यातला एक थेंब जरी घेतलास तर तुला माझ्या गळ्याची शपथ. लोकांत मी तोंड कसं दाखवू?” मग टांगा जोडावयास सांगून आपण मंचरास निघून गेलात. त्या संध्याकाळी तेथे आपले व्याख्यान होते. विषय, ‘मद्यनिषेध आणि स्त्रियांचे कल्याण.’ टाळ्या पुष्कळ पडल्या असे ऐकतो.

आपली पाठ वळताच मी बाटली मांडीत धरली, स्क्रूचे टोक बुचात रोवले आणि एक वेढा दिला. बूच किंचित कुरकुरले. तेवढ्या आवाजाने तिने डोळे उघडले. “बाबा, नको. त्यांच्या गळ्याची शपथ हाय.” तिची आई म्हणाली, “अगं लेकरा, दारू न्हाई ती, औषध हाय. देवाला कळतं.” ती म्हणाली, “देवाला कळंल गं. पन शपथंला न्हाई कळलं अन् त्यांना काय झालं म्हंजी?” आणि ओठ मिटून घेतले. पुढे शुद्ध हरपल्यावर सुद्धा, औषधाचा चमचा लागला की ते ओठ मिटत. मी तो एक वेढा उलटा फिरवून स्क्रू बाहेर काढला.

पोर्टने ती जगली असती, असा माझा दावा नाही. डॉक्टरांचाही नव्हता. परंतु शपथेचे सामर्थ्य मात्र मान्य केले पाहिजे. तिने ती पाळली, आणि आपण ठणठणीत आहात. इतके की मेजवान्या देता.

आता आपल्या मागणीविषयी. आपली आज्ञा प्रमाण मानून तो स्क्रू, वेटोळ्याला तेल लावून, शनिवारी सकाळी रवाना होत आहे. सोबत ती बाटलीही आहे. बूच शाबूत, माथ्यावर एका वेढ्याचे भोक. मात्र घोडेगावास पाठविण्यात गुप्ततेचा भंग झाला असता, म्हणून पेटी मंचरास, आपल्या सभेचे अध्यक्ष फतेचंदशेठ यांच्या नावे, रविवारच्या वार्षिक अधिवेशनात पोहोचेल अशी सुवालालच्या गाडीवानाकडे दिली आहे. वर ठळक अक्षरात लिहिले आहे: ‘चिटणीस सावळेराम यांच्या विनंतीवरून, साहेबांच्या मेजवानीकरिता.’ आत बाटलीच्या गळ्यास डॉक्टरांची चिठ्ठी बांधली आहे, आणि तिच्या पाठीवर ही बाटली कोणासाठी आली व कोणाच्या शब्दाने बंद राहिली, ते मी शाळेच्या फळ्यावर लिहितो तशा सुवाच्य अक्षरात नोंदविले आहे. फतेचंदशेठ जीवजंतू मरू नयेत म्हणून पाणी गाळून पिणारे गृहस्थ आहेत. माणसाविषयी त्यांचे मत काय आहे, ते रविवारी भरसभेत कळेल. हे पत्र आपणांस त्यानंतर मिळावे, म्हणून मी ते शनिवारची डाक गेल्यावर टपालपेटीत टाकणार आहे. रविवारी जे घडले त्याचे कारण आपणांस कळावे, एवढ्याचकरिता ते लिहिले. मंगळवारपूर्वी स्क्रू हवाच असेल, तर शेठजींकडे समक्ष जाऊन मागून घ्यावा. स्क्रू भरवशाचा आहे. कळावे.

तुमचाच,
भगवंत

ताजा कलम: गेल्या श्रावणात कुकडीकाठी अंजनाचा दहावा उरकल्यावर पाऊस लागला, तेव्हा आपण माझी छत्री नेलीत. काळी, वेताच्या मुठीची. एका काडीचे टोक मी पांढऱ्या दोऱ्याने बांधले आहे. दोनदा निरोप धाडला. आपण कळविलेत की ती कचेरीत आहे. कचेरीचा शिपाई म्हणतो, ती आपल्या बिऱ्हाडी आहे. आणि बिऱ्हाडाची मालकीण साळुबाई म्हणते, छत्री तिने पाहिलीच नाही. मला दुपारच्या उन्हात डोक्यावर उपरणे घेऊन शाळेत जावे लागते आणि पोरे हसतात. तरी छत्री नेमकी कोठे आहे?