तिसरा दगड

५ ऑक्टो., रवि.
आखातातल्या सहमच्या किनाऱ्यावरच्या नव्या रस्त्याचा सर्व्हे सुरू. वाळूत दोन कबरी, गावच्या कब्रस्तानापासून लांब, एका बोरीखाली, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. झालं माझं कल्याण! दुपारी मोजणीच्या दुर्बिणीतून बघतो तर तिथं दोन माणसं उभी. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. डोळा काढला, कोणी नाही. परत लावला, नुसती वाळू.
घरी येऊन इम्तियाजला सांगितलं. सुरमई कापत होता. "चष्मा बदल तुझा," म्हणाला. मान वर केलीसुद्धा नाही.

७ ऑक्टो.
जेवताना इ.नं सांगितलं, अम्मीनं हर्णैची मुलगी पक्की केली. डिसेंबरात निकाह. "तू येशील ना?" मीठ दे म्हणावं तसं. मी म्हटलं, बघू, सुट्टी मिळाली तर.
इतकी वर्षं एका घरात, एका बिछान्यात. बिल्डिंगवाल्यांना वाटतं भाडं वाचवतोय. वाटू दे. मला या माणसाशिवाय झोप लागत नाही, हे सांगू कुणाला? आईला? ती तिकडं नाशिकला अजून मुलींचे फोटो जमवतेय.
पहाटे दुसऱ्या खोलीत कुणीतरी हळू बोलत होतं, दोघं जण. वाटलं इ. फोनवर असेल. उठून बघितलं. इ. केव्हाच मासळीच्या लिलावाला गेलेला.

१० ऑक्टो., शुक्र.
कबरींलगतची खजुराची बाग खमीसचाचांची. अंगठीत लाल खडा, आवाज खणखणीत. इ. दुभाष्या म्हणून आला. त्याला इथली अरबी येते, माझी गाडी यल्ला-खलास, म्हणजे चला-झालं, याच्या पुढं जात नाही.
चाचांनी सांगितलं ते असं. फार जुनी गोष्ट. या किनाऱ्यावर एक समुद्री लुटारू होता. त्याला धरायला आरमाराचा एक अधिकारी आला. कुठल्या आरमाराचा, ते आता कुणालाच माहीत नाही. वादळात जहाज फुटलं आणि लुटारूनंच अधिकाऱ्याला पाण्यातून ओढून काढलं. बरा झाल्यावर जायला मोकळा होता. गेला नाही. वर्दी पुरली, कलमा पढला. दोघांनी जाळी टाकली, म्हातारे झाले. लुटारू आधी गेला. दुसरा बोरीखाली बसून राहिला, जेवेना, उठेना. मग तोही गेला.
मी विचारलं, "मग एका कबरीला तीन दगड का?" कारण इथली रीत अशी की पुरुषाच्या कबरीला दोन दगड, बाईच्या कबरीला तीन. चाचा हसले. पुढं कधीतरी गाव कुजबुजायला लागलं, तेव्हा त्यांच्या आज्यानं गुपचूप तिसरा दगड रोवला. झाले नवरा-बायको. तोंडं बंद.
हे मराठीत सांगताना इ. माझ्याकडे बघत नव्हता.

१३ ऑक्टो.
कबरी हलवायची परवानगी आली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कब्रस्तानाचे शेख येणार. नवरा-बायको असतील तर शेजारी-शेजारी पुरतील. दोन परके पुरुष असतील तर जिथं जागा असेल तिथं, एक इकडं, एक तिकडं. चाचा म्हणतात, काम तुमचं, तुम्हीच सांगा, मला यात घेऊ नका.
मी म्हटलं, खरं तेच सांगणार.
इ. भडकला. "तुझ्या खऱ्यापायी त्यांची ताटातूट करशील? खोट्यात का होईना, एकत्र पडलेत ना सुखानं?"
"सुखानं? त्यातल्या एकाला मेल्यावर बाई केलंय."
"मग? मी निकाह करतोय तो कशासाठी? ती गावी राहील अम्मीजवल. मी इथंच येणार परत, तुझ्याजवल. कोण कायपण बोलणार नाय."
"म्हणजे ती पोर आपला तिसरा दगड?"
ताट तसंच सोडून उठला. मला जे म्हणायचं होतं तेच म्हटलं, पण म्हटल्यावर बरं वाटलं नाही.

१६ ऑक्टो.
इ. हॉलमध्ये झोपतो. स्वप्नात मी बुडत होतो, कुणीतरी मनगट धरलं होतं. जागा झालो तरी मनगट दुखत होतं. ओठ खारट. रडलो असेन.
मी बौद्ध. आमच्यात जाळतात, दगडांचा प्रश्नच नाही. तरी या दोघांनी माझं डोकं भाड्यानं घेतलंय. रस्त्यानं दोन माणसं जोडीनं चालताना दिसली की मागून जाऊन तोंड बघतो.

२२ ऑक्टो.
ठरलं. तीन दगडच सांगायचे. एकत्र तरी राहतील. इ.ला म्हटलं, तू जिंकलास. त्यानं चहा केला, माझ्या पुढ्यात ठेवला. एवढंच.

२४ ऑक्टो., शुक्र.
सकाळी शेख आले, सोबत गावचे चार लोक. मी लांब उभा. माती बाजूला केली तर आत फारसं काही उरलं नव्हतं. जे होतं ते पांढऱ्या कापडांत बांधलं, दोन लहान गाठोडी. शेखांनी काहीतरी विचारलं. इ. माझ्याकडे वळला, "विचारतायत, कोण कोण होते?"
पाठ करून आलो होतो. तोंडातून निघालं, "दोन पुरुष."
सगळे इ.कडे बघतायत. मला वाटलं, आता हा बदलून सांगणार. मला काय कळणार होतं? मग तो बोलला, आणि मला एकच शब्द कळला. अखू. भाऊ.
शेखांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. मग खणणाऱ्यांना बोटानं दाखवलं. दोन खड्डे, लागून. दगड दोन आणि दोन. खमीसचाचा कडेला उभे राहून डोळे पुसत होते.
परतताना गाडी मी चालवली.
"भाऊ?" मी म्हटलं.
"मग काय सांगू? बाई सांगायचा होता मना. तोंडातून निघेचना."
मग रडला, सहमच्या सिग्नलपर्यंत. हिरवा दिवा लागला तरी गाडी काढली नाही, मागचे हॉर्न मारत राहिले.

२७ ऑक्टो., सोम.
इ.चं डिसेंबरचं मुंबईचं तिकीट टेबलावर आहे. त्यानं ते फाडलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. घरात आता कुणाचे आवाज येत नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.
संध्याकाळी इ.नं बाल्कनीत उभं राहून फोन लावला. "अम्मी," म्हणाला, आणि बराच वेळ तिचंच ऐकत राहिला. मंडप, पाहुणे, सोनं, सगळं ऐकू येत होतं मला. मग म्हणाला, "अम्मी, त्या मुलीचा नंबर दे. तिच्याशी मना बोलायचा हाय. नाय, तुझ्यासमोर नाय."
नंबर हातावर लिहून घेतला. मग बाल्कनीचं दार बाहेरून ओढून घेतलं, काचेपलीकडे पाठ करून उभा राहिला आणि नंबर लावला.