राहिलेली बोळवण

मी, मुंजाजी धुळाजी सोन्नर, वय एकोणसाठ, सहकारी साखर कारखान्यातला निवृत्त वायरमन, राहणार कारखाना कर्मचारी गृहनिर्माण संस्था, माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असे वकीलसाहेबांनी घालायला सांगितले. माणसाचे दडपण नाही, एवढे मी शपथेवर लिहू शकतो.

पुढच्या आठवड्यात औरंगाबादला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याची मला भीती नाही, निदान हे लिहायला घेतले तेव्हा नव्हती. ज्याची आहे ते एकदम लिहायची हिंमत होत नाही, म्हणून घरापासून सुरुवात करतो.

कलम १. संस्थेतले राहते घर माझी पत्नी चतुराबाई हिला. तिच्या पश्चात मुलगा उत्तरेश्वर याला. दुपारच्या वेळी पुढच्या दाराला आतून कडी घालू नये आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, मग टँकर येवो न येवो. चतुराबाई मला म्हणते, “शेळी पिऊन जाती त्ये पानी. तुमाला त्यात बी देव दिसतेत.” पण तांब्या रोज तीच भरते.

कलम २. पतसंस्थेतली ठेव चतुराबाईला. सोल्डरिंगची गन, मल्टिमीटर आणि पकडी उत्तरेश्वरला. त्यातली एकही वस्तू संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांना उसनी देऊ नये. आमच्या बँडच्या वाजवण्याने आपली म्हैस आटली अशी लेखी तक्रार या गृहस्थाने केली होती. म्हैस भाकड होती. सगळ्या कॉलनीला ते माहीत होते, पण समज आम्हाला मिळाली.

कलम ३. माझी बेस गिटार. ही कोणाला द्यायची ते पुढे येईल, आधी ती आमच्या घरात कशी आली ते लिहितो. कारखान्यात पुण्याहून आलेले एक इंजिनियर होते, त्यांच्याकडे परदेशी बँडच्या कॅसेटी होत्या. एकेक गाणे अख्खी बाजूभर चाले. कॉलनीतली पोरे कंटाळून उठून गेली. आम्ही तिघे बसून राहिलो, कारण खंडोबाच्या रात्रभराच्या जागरणात वाढलेल्याला अर्ध्या तासाचे गाणे म्हणजे काहीच नाही. सुग्रीव गिटार वाजवू लागला, मी बेस. गहिनीनाथ घरचा वाघ्या, तो दिमडी आणि ड्रम दोन्ही वाजवी. बँडचे नाव ‘चिपाड’. पहिला अल्बम ‘गाळप’. त्यातली गाणी आखूड होती. लोकांना ती आवडली आणि आम्हाला आवडली नाहीत.

कलम ४. आता दुसरा अल्बम. ‘मृतसाठा’.

धरण तळाला गेले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाला, ऊस नव्हता म्हणून कारखाना बंद होता. साखरेचे गोदाम रिकामे पडले होते. त्यात टाळी वाजवली तरी आवाज फिरून परत येई. तिथे आम्ही तीन लांब गाणी ध्वनिमुद्रित केली. पहिली दोन पुरी आहेत. तिसरे ‘बोलावणे’. त्यात गहिनीनाथ दिमडीवर गावोगावच्या देवांना नाव घेऊन जागरणाला बोलावतो. खंडोबा, बिरोबा, वेशीवरची मरीआई, कोरड्या विहिरीतल्या सात आसरा. कोणाला वगळले नाही. घसा बसला तरी थांबला नाही.

जागरणात बोलावलेल्या देवांची शेवटी बोळवण करावी लागते. वाघ्या लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, ओढून तोडतो, पेटती दिवटी दुधात शांत करतात, मग देव आपापल्या जागी जातात. तो भाग सकाळच्या गार वेळी घ्यायचे ठरले. तेवढ्यात गहिनीनाथला निरोप आला, आष्टीकडच्या चारा छावणीत त्याचा बैल खाली बसला होता. तो मोटारसायकलवर भर उन्हात निघाला. बैल वाचला. गहिनीनाथला ऊन लागले आणि तो छावणीतच वारला.

गाणे उघडे राहिले. माझे वडील धुळाजी सांगत, “लंगर तुटल्याबिगर उठू नगं. बसलेलं देव तुज्या मागं घरला येतेल.” मी वायरमन माणूस. जिथे करंट नाही तिथे धक्का बसत नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवले. तरीही दुपारी कॉलनी झोपलेली असते तेव्हा माझ्या दाराशी कोणीतरी घसा साफ करते. एकदा दिमडीवर बोट ओढल्याचा आवाज आला. मी उठून पाहिले नाही. यंदा पुन्हा पाऊस गेला, पुन्हा छावण्या पडल्या. हा योगायोग आहे असे मी स्वतःला समजावतो आणि समजावून झाल्यावर पुन्हा भितो.

उत्तरेश्वर पुण्यात साउंडचे काम करतो. त्याला अल्बम आहे तसा इंटरनेटवर टाकायचा आहे. “पप्पा, मधीच तुटतं, त्येच तर भारी हाय.” बाळा, हजारो घरांत ते बोलावणे वाजेल आणि बोळवण एकाही घरात होणार नाही. म्हणून बोळवण झाल्याखेरीज ‘मृतसाठा’ कोणालाही ऐकवू नये.

कलम ५. शेवटाची चाल सुग्रीवलाच माहीत आहे, आणि गहिनीनाथच्या घरच्यांनी लंगर त्याच्याकडेच ठेवला आहे. तीन वर्षे मी निरोप पाठवतो आणि तो येत नाही. रस्त्यात भेटला तर दुसऱ्या बाजूने जातो. मित्राच्या गाण्याला पाठ दाखवणारा असा माणूस मी पाहिला नाही. तरी, त्याने लंगर तोडून गाणे पुरे करावे या अटीवर माझी बेस गिटार त्याला.

वरील कलम ५ रद्द समजावे. ते लिहून झाले आणि ऑपरेशनचे ऐकून सुग्रीव स्वतःच घरी आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि परत सरकवला.

“मुंज्या, मी कावून लंगर तोडला न्हाई, इचारलं का कधी? तुज्या दारात कोन येतं त्ये मला ठावं हाय. माज्या बी येतं.”

“मग भेव वाटत नाही तुला?”

“लई वाटतं. पर त्या बोलावण्यात गहिन्याचा गळा हाय. देव उठलं की त्यो बी उठंल. त्याला एकल्याला कसा वाटं लावू बे?”

चतुराबाई चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. आम्ही दोघे रडलो, ते इथे लिहायला मला लाज नाही. तीन वर्षे मी देवांना भीत होतो. दारात घसा साफ करणारा माझा मित्र असेल, हे माझ्या मनातही आले नाही. भीती मात्र गेली नाही. उलट आता ऑपरेशनचीही वाटते आहे.

कलम ६, आणि हेच अखेरचे. बेस गिटार उत्तरेश्वरला. सुग्रीव म्हणाला, मृत्युपत्रातलं काही घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हणतेत, तर मी साक्षीदारच होतो.

मी औरंगाबादहून जिवंत परत आलो, तर गाणे आहे तसे राहू द्यावे. तांब्या मी भरीन.

परत आलो नाही, तर तेराव्याला रिकाम्या गोदामात सुग्रीवने लंगर तोडावा, चतुराबाईने दिवटी दुधात शांत करावी आणि उत्तरेश्वरने ते ध्वनिमुद्रित करावे. मग अल्बम खुशाल जगाला द्यावा. देवांची नावे संपली की गहिनीनाथचे घ्यावे आणि त्याला लागूनच माझे. मधे दम घेऊ नये. त्याला सोबत होईल आणि मलाही, कारण एकट्याने जायची मला फार भीती वाटते.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

(सही) मुंजाजी धुळाजी सोन्नर

मुंजाजींनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली.

साक्षीदार १. (सही) सुग्रीव
साक्षीदार २. (सही) रामकिसन, शेजारी

ठिकाण : माजलगाव
दिनांक : १९ मे २०१९